आधी गिऱ्हाईक, मग यंत्र : नागपूर जिल्हा नियोजन समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, नागपूर

सप्रेम नमस्कार.

जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत ‘नाविन्यपूर्ण योजना’ असं एक शीर्ष असतं. त्यातून यंत्रं घेतली जातात, शेड उभ्या राहतात, प्रशिक्षणं होतात. माझी विनंती याच शीर्षाबद्दल आहे. येत्या वर्षी यंत्रासाठी पैसे मंजूर करण्याआधी त्या यंत्रातून निघणारा माल कोण घेणार, किती घेणार आणि पैसे किती दिवसांत देणार, हे आधी ठरवा. घेणारा ठरला की यंत्र कुणीतरी आणतंच. घेणारा नसला, तर अनुदानातून आलेल्या यंत्रावर धूळ बसते.

हिंगणा एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. शेतीची अवजारं, श्रेडर, कुटार यंत्रं आम्ही बनवतो आणि दुरुस्तही करतो. दुरुस्तीच्या निमित्तानं सावनेर, काटोल, नरखेड, कळमेश्वर, उमरेड या भागांत जाणं होतं. बचत गटांच्या आणि शेतकरी कंपन्यांच्या कितीतरी शेड आतून पाहिल्या आहेत. बहुतेक ठिकाणी यंत्र चांगलं असतं, चालवणारी माणसंही शिकलेली असतात. बंद पडण्याचं कारण विचारलं की उत्तर एकच येतं : “माल केला, पण घेणार कोण?”

नागपूरला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नाही, असं मला वाटत नाही. या शहरानं ते एकदा शोधून दाखवलं आहे, आणि तेही सांडपाण्याच्या बाबतीत. नाग नदीतून वाहून जाणारं मैलापाणी भांडेवाडीत शुद्ध करायचं आणि कोराडीच्या वीज केंद्राला विकायचं, असा व्यवहार महापालिका आणि महानिर्मिती ही राज्याची वीज कंपनी यांच्यात झाला. १३० दशलक्ष लिटर रोजच्या क्षमतेचं केंद्र त्यासाठी उभं राहिलं आणि पुढे आणखी मोठी क्षमता आली. वीज केंद्राच्या ५० किलोमीटरच्या परिसरात मैलापाणी शुद्धीकरण केंद्र असेल तर तेच पाणी वापरावं, हे केंद्र सरकारनं आपल्या वीज दर धोरणात २०१६ साली घातलं. नागपूर-कोराडीचा व्यवहार त्याच्या कितीतरी आधी ठरला होता. पेंचचं जे पाणी कोराडीला द्यावं लागत होतं, ते त्या प्रमाणात मोकळं झालं. यात शुद्धीकरणाचं तंत्र नवं नव्हतं. नवं होतं ते हे की प्रकल्प बांधण्याआधी पाणी विकत घेणारा ठरला होता.

हीच पद्धत पऱ्हाटीला, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर वावरात उरणाऱ्या कपाशीच्या झाडांना, लावा, एवढं सांगण्यासाठी हे पत्र.

जिल्ह्यात कापसाचा पेरा दोन लाख हेक्टरांहून अधिक असतो. वेचण्या संपल्या की हेक्टरी साधारण दोन टन तरी पऱ्हाटी वावरात उरते. म्हणजे एका जिल्ह्यात वर्षाला चार लाख टन. जानेवारी ते मार्च या काळात सावनेर किंवा काटोल रस्त्यानं संध्याकाळी जा, धुऱ्याधुऱ्यावर धूर दिसेल. मजूर लावून, लोखंडी चिमट्यानं एकेक झाड उपटायचं, ढीग घालायचा आणि पेटवायचा. कळमेश्वरकडच्या एका कास्तकाराला मी विचारलं, का पेटवता? ते म्हणाले, “ठिवून का करू बाप्पा? मजुरी मी देतो, जागा माही अडकते, अन् घेनारा कोनी नाही.” त्यांच्या हिशेबात काहीही चुकीचं नाही. आज पऱ्हाटी जाळणं हाच शेतकऱ्यासाठी सर्वांत स्वस्त मार्ग आहे. दुसरा मार्ग त्याहून स्वस्त झाल्याशिवाय नुसत्या प्रबोधनानं आणि दंडाच्या धाकानं काही बदलणार नाही.

पऱ्हाटी तशीच ठेवली तर वेगळंच संकट येतं. गुलाबी बोंडअळीनं २०१७ साली विदर्भाची काय दशा केली ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. न उमललेल्या बोंडांत, धुऱ्यावर रचलेल्या ढिगांत अळी आणि कोष टिकून राहतात आणि पुढच्या हंगामात परत पिकावर येतात. म्हणूनच फरदड घेऊ नका (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा कापूस धरू नका), डिसेंबर-जानेवारीत शेत रिकामं करा, असं केंद्रीय कापूस संशोधन संस्था दरवर्षी सांगते. ही संस्था नागपुरातच आहे. पऱ्हाटी वेळेवर उपटून बारीक केली तर अळीचा आसरा मोडतो. पऱ्हाटी वेळेवर विकली जाणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या फवारणीचा खर्च कमी होणं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं या धंद्याचा मोठा फायदा कदाचित इथेच आहे. विकून येणाऱ्या पैशापेक्षा तो जास्त असू शकतो.

आता घेणारा कोण? तोही जिल्ह्यातच आहे. कोराडी २,१९० मेगावॉट, खापरखेडा १,३४० मेगावॉट, मौद्याचं एनटीपीसीचं केंद्र २,३२० मेगावॉट. तिन्ही मिळून ढोबळमानानं वर्षाला दोन कोटी टन कोळसा जळतो. औष्णिक केंद्रांनी कोळशात शेतकचरा दाबून केलेल्या कांड्या, म्हणजे पेलेट, मिसळाव्यात, सुरुवात ५ टक्क्यांनी करावी, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाचं २०२१ चं धोरण आहे. पाच टक्के म्हणजे दहा लाख टन. आपली सगळी पऱ्हाटी दिली तरी ही भूक निम्मीसुद्धा भागत नाही. कोळशावरची वीज किती वर्षं चालावी, कोराडीत आणखी संच हवेत का, हे वाद होत राहतील आणि व्हायलाच हवेत. कोराडी-खापरखेड्याच्या लोकांनी राखेत आयुष्य काढलं आहे. पण आज जोवर भट्ट्या पेटत्या आहेत, तोवर त्यात जाणाऱ्या पेलेटच्या प्रत्येक टनाचे पैसे सावनेरच्या शेतकऱ्याकडे का जाऊ नयेत?

मग आजवर हे का झालं नाही, हे मी वर्कशॉपच्या बाजूनं सांगते, कारण अडचण कागदावर दिसत नाही. पऱ्हाटीच्या सालीत ताग असावा तसा चिवट धागा असतो. साध्या कुटार यंत्रात ती घातली की साल शाफ्टला गुंडाळते, गुंडाळी घट्ट होत जाते, बेअरिंग तापतं आणि यंत्र बसतं. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या यंत्रांचे शाफ्ट कितीदा तरी ब्लेडनं कापून मोकळे करावे लागले आहेत. दुसरं, मुळाला चिकटलेली माती. काळ्या मातीत बारीक खडे असतात. ते पात्यांची धार घालवतात आणि पेलेटच्या डायला, म्हणजे साच्याला, खातात. तिसरं, ओल. नुकती उपटलेली पऱ्हाटी ओली असते, ती काही आठवडे वाळवावी लागते. चौथं आणि सर्वांत महाग म्हणजे तिचा पसारा. ट्रॅक्टरची ट्रॉली पार वरपर्यंत भरली तरी वजनकाट्यावर आकडा हलत नाही. अख्खी पऱ्हाटी ४० किलोमीटर नेली तर डिझेलच तिची किंमत खाऊन टाकतं.

यांतली एकही अडचण न सुटणारी नाही. उलट फिरणारा रोटर आणि नीट बसवलेला स्क्रेपर असला की साल गुंडाळत नाही. मुळं झटकून घेतली, चाळणी लावली की माती जाते. वावरातच ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणाऱ्या श्रेडरनं तुकडे केले की ट्रॉलीत वजन भरतं. कापूस तंत्रज्ञान संशोधनाच्या सिरकॉट या संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. पऱ्हाटीपासून ब्रिकेट (जळणाचे दाबीव ठोकळे) आणि पेलेट करण्यावर तिथे बरंच काम झालं आहे. शोध लावायला बाहेरगावी जायची गरज नाही. पर्यावरण संशोधनाची नीरी इथे, कापूस संस्था इथे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था इथे, व्हीएनआयटी इथे. एवढ्या संस्था दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला क्वचितच मिळाल्या असतील.

जागेचाही एक उपाय मला सुचतो. जिनिंग कारखाने पहा. प्रशस्त आवार, वजनकाटा, भरभक्कम वीजजोडणी, आग विझवायची व्यवस्था, हिशेब ठेवणारा मुनीम, सगळं तयार असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापसाची आवक ओसरते आणि पुढे पाच-सहा महिने आवार रिकामं राहतं. पऱ्हाटी नेमकी त्याच वेळी निघते. शेतकऱ्याला तिथला रस्ता ठाऊक आहे, मालकाशी देवघेव पिढ्यान् पिढ्यांची आहे. नव्या शेडवर पैसा घालण्याऐवजी अशा दहा-बारा आवारांत संकलन केंद्रं करा. आवाराचं भाडं शेडच्या बांधकामापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

आता पैशाचं बोलते, कारण लहान उद्योग मरतो तो इथे. वीज केंद्राच्या निविदा हजारो टनांच्या असतात, उलाढालीच्या आणि पूर्वानुभवाच्या अटी मोठ्या कंपन्यांच्या मापाच्या असतात. गावातली शेतकरी कंपनी तिथे उभीच राहू शकत नाही. समजा राहिली आणि माल दिला, तरी बिल निघेपर्यंत तिचं भांडवल संपतं. शेतकऱ्याला आणि मजुराला पैसे त्याच दिवशी हवे असतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं, असा २००६ चा कायदा आहे. पण एका शासकीय कार्यालयाला पुरवलेल्या यंत्रांचं आमचं बिल वर्ष उलटून गेल्यावर निघालं. त्या काळात कामगारांचा पगार देण्यासाठी आम्ही जे व्याज भरलं, त्यात त्या कामाचा नफा गेलाच, पुढच्या कामाचाही गेला. तेव्हापासून शासकीय काम घेताना हात आखडतो, आणि असं म्हणणारी हिंगण्यात मी एकटी नाही. उद्योजकता वाढवायची असेल तर भाषणांपेक्षा वेळेवर निघालेलं बिल जास्त उपयोगी पडतं.

म्हणून समितीकडे माझं मागणं असं आहे. यंत्रांच्या अनुदानाऐवजी एक फिरता निधी उभा करा. संकलन केंद्रावर पऱ्हाटीचं वजन झालं, ओल आणि माती तपासली, पावती फाटली की त्या पावतीवर त्याच आठवड्यात शेतकऱ्याला पैसे मिळावेत. पेलेट वीज केंद्रात पोचल्यावर वीज केंद्रानं दिलेले बिलाचे पैसे थेट निधीत जमा व्हावेत आणि तोच पैसा पुन्हा फिरावा. यात अनोळखी काही नाही. सोयाबीन, तूर यांवर बाजार समित्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना वर्षानुवर्षं चालवत आल्या आहेत. गोदामातल्या मालावर उचल मिळते, माल विकला की फिटते. तोच हिशेब पेलेटला लावायचा. नाविन्यपूर्ण शीर्षातला पैसा अपुरा पडला तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. जिल्ह्यातल्या कोळसा आणि मँगनीजच्या खाणींमुळे तो जमतो, आणि पर्यावरण संवर्धन व प्रदूषण नियंत्रण हा त्याच्या प्राधान्याच्या कामांतलाच विषय आहे. उमरेड, सावनेर, कामठी पट्ट्यातल्या ज्या गावांनी खाणी सोसल्या, त्याच गावांत हा धंदा उभा राहू शकतो.

महानिर्मितीला किंवा एनटीपीसीला आदेश देण्याचा अधिकार समितीला नाही, हे मी जाणते. पण पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असलेल्या समितीनं एका टेबलावर बोलावलं तर तिन्ही केंद्रांचे अधिकारी येतील. त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी : एकूण पेलेट खरेदीतला ठरावीक वाटा जिल्ह्यातल्या शेतकरी कंपन्या आणि बचत गटांसाठी, ५०-१०० टनांच्या लहान लॉटमध्ये, निदान तीन वर्षांच्या हमीनं. लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करण्याचं बंधन केंद्र सरकारच्या उपक्रमांवर आधीच आहे. तीन वर्षांची खरेदीची कागदपत्रं हातात असली की बँकेचा मॅनेजर यंत्रासाठी कर्ज देतो, मग त्या यंत्रावर तुमचं अनुदान नसलं तरी चालतं.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्या. एक, सगळी पऱ्हाटी उचलू नका. आपल्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब आधीच घसरला आहे. पाला आणि बारीक चुरा वावरातच राहिला पाहिजे, आणि ज्याला पऱ्हाटी बारीक करून मातीत गाडायची आहे त्याला श्रेडर भाड्यानं मिळाला पाहिजे. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गावातल्या भूमिहीन बाया आज वावरातून पऱ्हाटीच्या मोळ्या फुकट नेतात, वर्षभराची चूल त्यावर पेटते. पऱ्हाटीला भाव आला की शेतकरी त्यांना अडवणार, यात शंका नाही. धंदा उभा करताना आपण त्यांचं जळण काढून घेतलं, असं होता कामा नये. उपटणी, झटकणी आणि संकलन केंद्रावरचं काम याच बायांच्या गटांना द्या, आणि मोळीचा हक्क ग्रामसभेत ठराव करून राखून ठेवा. सगळं मिळून निम्मी पऱ्हाटी मागे राहिली तरी दोन लाख टन उरते.

वीज केंद्रांखेरीज लहान गिऱ्हाइकंही आहेत. नागपूरच्या काही घाटांवर शेतकचऱ्यापासून केलेल्या मोक्षकाष्ठावर अंत्यसंस्कार होतात. लोकांनी ते मनापासून स्वीकारलं आहे. बुटीबोरी आणि हिंगण्यातले बॉयलर, वसतिगृहांची आणि आश्रमशाळांची स्वयंपाकघरं, हे सगळे व्हाइट कोल, म्हणजे शेतकचऱ्याच्या ब्रिकेट, घेऊ शकतात. यांतली शासकीय गिऱ्हाइकं तर समितीच्या हाताखालचीच.

संत्र्याबद्दल थोडं लिहिते, कारण तिथे उलट चूक होते. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तेव्हापासून प्रत्येक बैठकीत ‘प्रक्रिया उद्योग’ हे शब्द ऐकू येतात. आपली संत्री घेणाऱ्या बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेलं तसा कळमन्याच्या बाजारात भाव पडला आणि बारीक फळ रस्त्याकडेला फेकायची वेळ आली. पण ज्यूसचा कारखाना हे त्यावरचं सोपं उत्तर नाही. आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की त्यातल्या लिमोनिन या द्रव्यामुळे काही वेळानं कडू होतो. फळात बिया जास्त. आंबिया आणि मृग असे दोन बहर धरले तरी कारखाना वर्षातले पाच-सहा महिनेच चालतो, उरलेले महिने हप्ते मात्र चालूच राहतात. त्यामुळे इथे गिऱ्हाईक शोधताना रसापाशी थांबू नका. सालीतलं तेल सुगंधी द्रव्यांना आणि साबणाला लागतं, पेक्टिन जॅमला आणि औषधांना लागतं. नागपुरात हे घेणारे कोण, किती घेतील, कोणत्या शुद्धतेचं हवं, याची चौकशी कुठल्याही इमारतीच्या भूमिपूजनाआधी व्हावी. आणि उरलेल्या महिन्यांत त्याच यंत्रांवर लिंबू, आवळा, टोमॅटो चालवता येईल अशीच यंत्रं निवडावीत.

राखेचंही तसंच. औष्णिक केंद्रांनी राखेचा पूर्ण वापर करावा, ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांनी राखेच्या विटा वापराव्यात, असे केंद्र सरकारचे नियम आहेत. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राख नदी-नाल्यांत गेली, तेव्हा वापर न झालेल्या राखेची किंमत नागपूरनं मोजली. समितीच्या पैशानं बांधल्या जाणाऱ्या शाळाखोल्या आणि अंगणवाड्यांच्या अंदाजपत्रकात राखेची वीट सक्तीनं लिहिली, तरी पन्नास लहान वीट कारखान्यांना काम मिळेल. यासाठी एक रुपयाचीही तरतूद लागत नाही.

आपल्या तरुण पोरांना हल्ली नवकल्पनांच्या स्पर्धांत बोलावलं जातं, मोठे धनादेश हातात देऊन फोटो निघतात. त्यातली हुशार पोरं पुढच्या वर्षी पुण्याला जातात. ती जातात याचा मला राग नाही. त्यांना इथे कुणी खरेदीची ऑर्डर देत नाही, याचं वाईट वाटतं. बक्षिसाच्या रकमेऐवजी ‘तुझं पहिलं यंत्र जिल्हा परिषद घेईल, तीन तालुक्यांत चालवून पाहील आणि बिल ४५ दिवसांत देईल’, असं पत्र एखाद्या मुलीच्या हातात पडलं, तर ती नागपुरातच वर्कशॉप टाकेल. आमच्या शेजारचे गाळे रिकामेच आहेत.

वेळेचं गणित तेवढं ध्यानात घ्यावं. पऱ्हाटी जानेवारीत निघायला लागते. ती वाळवून, तुकडे करून एप्रिलपर्यंत आवारात यायला हवी, कारण मे महिन्यात शेतं नांगरटीला मोकळी लागतात आणि जूनचा पहिला पाऊस पडला की भिजलेला माल कुणी घेत नाही. श्रेडर तयार करायला आमच्यासारख्या वर्कशॉपला दोन महिने तरी लागतात. म्हणजे संकलन केंद्रांची जागा, दर, ओलीची मर्यादा आणि खरेदीची हमी यांची जाहीर सूचना दिवाळीच्या आत निघाली, तरच येता हंगाम सापडतो. समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. श्रेडरचे नकाशे आणि प्रत्यक्ष चालणारं यंत्र दाखवायला मी हजर राहीन, आणि ते नकाशे दुसऱ्या कुणा वर्कशॉपनं वापरले तरी माझी हरकत नाही.

आपली,
हिंगणा एमआयडीसीतील एक लघुउद्योजिका
नागपूर